नवव्या लाटेचा दगड

ह्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून तोंड वाकडं करायला नको. कोकणच्या किनाऱ्यावर एक प्रेक्षणीय स्थळ आहे. तिथे पाटी आहे, चपला काढायची जागा आहे, सुट्टीच्या दिवसांत शहाळ्यांच्या दोन गाड्या लागतात. ते स्थळ मी घडवलं. भोपाळात बसून. कारखान्याच्या पिपलानीतल्या क्वार्टरमध्ये, खाटेच्या पायथ्याशी स्टूल टाकून, आणि तोवर मी समुद्र कॅलेंडरवरच्या चित्रात तेवढा पाहिलेला होता.

मला ओळखणारे म्हणतील, दिगंबर कानडे सुरू झाला. म्हणू देत. बड्या तलावातल्या माशाने माझं मनगटी घड्याळ गिळलं आणि तीन वर्षांनी ते चालू स्थितीत परत मिळालं, ही गोष्ट मी पन्नासदा तरी सांगितली असेल, आणि पन्नास वेळांत ते घड्याळ एकदाही मागे पडलेलं नाही. पण ही गोष्ट निराळी. ही मी उभ्या आयुष्यात एकदाच सांगितली, गेल्या पौषात, आनंद नगरच्या आमच्या गच्चीवर, आणि तीही ऐकणारे आपल्या पायांनी जिना चढून आले म्हणून.

आले होते श्रीकांत आणि सुलभा. श्रीकांत आमच्याच कारखान्यात नवा लागलेला, जन्मापासून भोपाळचा, त्यामुळे त्याची मराठी निम्म्या वाटेवर हिंदीच्या स्कूटरवर बसते. सुलभा नागपूरची, लग्नाला सहा महिने झालेले. दोघांना पहिली एलटीसी मिळाली होती.

"काका, ती वही तुमच्याकडे आहे ना?" श्रीकांत म्हणाला. "सगळे बोलतात, समंदरला जायचं तर आधी कानडेकाकांकडची वही घ्या."

वही माझ्याकडेच होती. ती काय चीज आहे हे सांगायला हवं.

आमच्या कारखान्यात चार वर्षांतून एकदा कुटुंबासकट देशात कुठेही जाऊन यायची सवलत मिळायची. तीच एलटीसी. भोपाळच्या चहू दिशांना जमीनच जमीन, त्यामुळे टाउनशिपमधलं माणूस संधी मिळाली की समुद्राकडे सुटायचं. आणि आमच्या लाइनीतल्या मराठी घरांची एक रीत होती. जाऊन आलेल्याने पहिल्या रविवारी सगळ्यांना ओट्यावर बोलवायचं, खोबऱ्याच्या वड्या वाटायच्या, काय काय पाहिलं ते सांगायचं आणि मग वहीत लिहायचं. वही लांबट, कापडी पाठीची, कारखान्याच्या स्टोअरमधली. पुढचा जाणारा ती बरोबर न्यायचा आणि वहीबरहुकूम पाहून यायचा. 'सिंधुदुर्ग: होडीत बायकांनी मधोमध बसावे. महाराजांच्या हातापायाचा ठसा बघावा. चहूकडे खारे पाणी आणि आत तीन गोड्या विहिरी, तिन्हींचे पाणी चाखावे.' 'रत्नागिरी: ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इथे कैदेत ठेवले होते. वाडा बघावा. मुलांना थोडक्यात सांगावे, फार सांगितल्यास झोपतात.' अशी ती वही.

सुलभाने पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. "काका, हा नवव्या लाटेचा दगड सगळ्यांनीच पाहिलाय. आठ जणांनी लिहिलंय. आम्ही पण तिथे जाणारच."

मी शकुंतलेकडे पाहिलं. शकुंतला म्हणजे आमच्या घरची. ती पलीकडे चटईवर आमच्याकडे पाठ करून उन्हात बसली होती, मांडीवर परात, परातीत मटारच्या शेंगा. तिचे कान गेल्या काही वर्षांत अधू झालेत. ऐकायचं यंत्र लावल्याशिवाय तिला शेजारी ढोल वाजला तरी कळत नाही. यंत्राची डबी कठड्यावर होती. डबी कठड्यावर म्हणजे यंत्र डबीत, असा मी हिशेब केला. आणि त्रेचाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्या पोरांसमोर सोडली.

"तो दगड मी केलाय," मी म्हणालो.

"म्हणजे पाथरवटाकडून?" सुलभाने विचारलं.

"तोंडाने."

तर एकाहत्तर सालची गोष्ट. मी तेव्हा फिटर. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एका वीजघरात आमच्याकडची यंत्रं बसवायची होती, त्या टोळीत माझं नाव लागलं. दोन महिन्यांचं काम. शकुंतलेला तेव्हा पाचवा सरून सहावा लागलेला. ती अमरावतीकडची. तिच्या माहेरच्या विहिरीलाच उन्हाळ्यात पाणी नसायचं, त्यामुळे पाणी ह्या गोष्टीविषयी तिला फार कुतूहल. मी निघालो तेव्हा होल्डॉल बांधता बांधता म्हणाली, "तिथून समुद्र जवळ आहे म्हणतात. एखाद्या रविवारी जाऊन या. मग मला सांगा, कसा असतो."

मी म्हटलं, "जातो की. बघून येतो आणि इत्थंभूत सांगतो."

समुद्र तिथून चार तासांवर होता. घाट उतरून एसटीने. पण रविवार कसले मिळतात. आमच्या मेसचा आचारी शंकर म्हणून होता, तो खाली शिरवेळ नावाच्या गावचा. भाकरी थापता थापता तो मला गावाचं सांगायचा. माडांतून खाली उतरणारी वाट, खाडीच्या तोंडाशी पडका बुरूज, बुरजावर पूर्वी तोफ होती ती आता लोक गुरं बांधायला वापरतात, असलं सगळं. मी ऐकून ठेवायचो. म्हणायचो, पुढच्या रविवारी जाऊ. आणि सातव्या आठवड्यात तार आली. तार यायलाच चार दिवस लागले होते.

मी घरी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मुलगी होती म्हणे. सातव्यातच. शेजारच्या गोपीनाथ भुसारीची बायको कुसुम शकुंतलेच्या उशाशी बसून होती. शकुंतला भिंतीकडे तोंड करून निजलेली. रडत नव्हती, बोलत नव्हती, दिलेलं अन्न तसंच्या तसं परत. कुसुमवहिनी मला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, काही करून तिला बोलतं करा. मला आता भीती वाटायला लागलीय."

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी स्टुलावर बसलो होतो. कारखान्याचा भोंगा वाजून गेला होता. भिंतीकडे तोंड तसंच ठेवून ती म्हणाली, "समुद्र पाहिलात?"

आता तुम्ही सांगा. पाच दिवसांत बाई पहिल्यांदा काही बोलली होती. तिला काय म्हणू, नाही पाहिला?

"पाहिला," मी म्हणालो.

"कसा असतो?"

मग मी शंकरचं गाव काढलं. माडांतली वाट उतरलो, बुरूज दाखवला, तोफेला बांधलेली म्हैस दाखवली. ती ऐकत होती. पण माझ्याजवळचा शंकर संपत आला, आणि मला भीती वाटली की गोष्ट संपली तर ही पुन्हा गप्प होईल. तेव्हा मी दगड काढला.

म्हणालो, "बुरजाच्या खाली एक काळा दगड आहे, चौरंगासारखा. बायका तिथे पाय सोडून बसतात. आठ लाटा येतात आणि अलीकडेच थांबतात, त्यांचं आपलं काही काम नसतं. नववी येते ती थेट पायांपर्यंत. त्या बाईच्या अंगावर जे काही जड असेल ते उचलते आणि घेऊन जाते."

 मग तिने कूस बदलली. पाच दिवसांनी मला तिचं तोंड दिसलं.

"परत देते का?"

"परत नाही देत," मी म्हणालो. "पण नीट सांभाळते."

त्या दिवशी तिने वरणभात खाल्ला. चार घास, पण खाल्ला.

एवढं सांगून मी थांबलो. सुलभाने हातातलं वहीचं पान तसंच धरलं होतं. श्रीकांत म्हणाला, "काका, पण वहीत कसा गेला मग?"

शकुंतलेमुळे. ती हिंडूफिरू लागली, आणि तिने तो दगड लाइनीतल्या सगळ्या बायकांना सांगितला. रविवारी ओट्यावर मंडळी जमली, वही माझ्यासमोर आली. मी कामावर गेलो होतो, एलटीसीवर नव्हे, तरी समुद्र पाहून आलेला माणूस म्हणजे लिहिलंच पाहिजे. ती शेजारी बसून पाहत होती. मी लिहिलं. म्हटलं, कोण जातंय शिरवेळला.

गोपीनाथ गेला. चौऱ्याहत्तर साली, वही घेऊन, बायकोमुलांसकट. ते पंधरा दिवस मी कसे काढले मला माहीत. गोपीनाथ सरळ माणूस, ओट्यावर चारचौघांत म्हणणार, तिथे दगडबिगड काही नाही, आणि शकुंतला तिथेच बसलेली असणार. तिने ज्या दगडावर पाय ठेवून ती खाट सोडली होती, तो तिच्या पायाखालून जाणार. मी रजा टाकून त्या रविवारी उज्जैनला पळायचा बेतही केला होता.

ते आले. होल्डॉल झटकले तर ओटाभर वाळू पडली. शकुंतलेने झाडून घेतली आणि तरी महिनाभर त्यांच्या दारात पायाला वाळू लागत होती. रविवारी वड्या वाटून झाल्या, सिंधुदुर्ग झाला, थिबा राजा झाला. मग शकुंतलेने विचारलं, "आणि तो दगड?"

गोपीनाथने माझ्याकडे पाहिलं. मी खोबऱ्याच्या वडीकडे पाहिलं.

"आहे की," गोपीनाथ म्हणाला. "अगदी दिगंबरने लिहिलाय तसाच. दोन पायऱ्या आहेत चढायला."

मला वाटलं मीच चुकून खरं बोललो होतो. दुसऱ्या दिवशी सायकलींच्या स्टँडपाशी मी त्याला गाठलं. "गोप्या, दगडाच्या डावीकडे तो नारळ आहे का अजून?"

"वाकडा ना? आहे तर."

नारळ मी त्या क्षणी लावला होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आमच्या टाउनशिपचा माणूस काय करतो ते. चार वर्षांत एकदा मिळणारी एलटीसी खर्चून गेला आणि वहीत लिहिलेलं ठिकाण ह्यालाच सापडलं नाही, असं ज्याच्याबद्दल ठरेल त्याला पुढची चार वर्षं कँटीनमध्ये सुखाने चहा पिता येत नाही. त्यामुळे दगड सगळ्यांना सापडत गेला. दत्तात्रय ओकने लिहिलं, दगडावर जुनी अक्षरे आहेत, झिजल्याने वाचता येत नाहीत. केशव पुराणिक इतिहासाचा शौकीन, त्याने दगडाला काळ दिला, आंग्र्यांच्या आरमाराच्या आधीचा. कुणी लिहिलं, सकाळी गर्दी असते. मी वही वाचायचो आणि माझं मलाच त्या दगडाविषयी नवं काही कळायचं.

"मग काकूंना घेऊन तुम्ही गेलातच नाही?" सुलभाने विचारलं.

नाही ना जाता येत. तिथेच सगळी गोम होती. आमची मालती झाली, शाळेत गेली, कॉलेजात गेली. दर चार वर्षांनी शकुंतला म्हणायची, "ह्या खेपेला शिरवेळ." आणि मी दर खेपेला काहीतरी काढायचो. आईचा दमा. मालतीची परीक्षा. एकदा तर मी पायाला प्लास्टर घातलं. डॉक्टर ओळखीचे होते, पाय चांगला होता. आम्ही काशी केली, दिल्ली केली, म्हैसूर केलं. जिथे समुद्र नाही ते सगळं केलं. ती कधी भांडली नाही. घरी आलं की एवढंच म्हणायची, "छान होतं. पाणी नव्हतं."

सत्त्याण्णवला माझी शेवटची एलटीसी आली. पुढच्या वर्षी निवृत्ती. तोवर तिचे गुडघे गेले होते. ती फॉर्म घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "अहो, मला फार काही बघायचं नाही. तेवढं एक ओझं ठेवून यायचंय. सव्वीस वर्षं झाली."

मी फॉर्मवर शिरवेळ लिहिलं. र दोनदा गिरवावा लागला.

झेलम एक्स्प्रेसने पुणं, पुण्याहून एसटीने मालवण. तिच्या मांडीवर वही आणि खांद्याला थर्मास. सिंधुदुर्गाला ती होडीत मधोमध बसली, कारण वहीत तसं होतं. तटाच्या कडेकडेने माझ्या हाताला धरून चालली, महाराजांच्या हाताच्या ठशाशी बराच वेळ उभी राहिली. तीन विहिरींचं पाणी ओंजळीतून चाखलं आणि म्हणाली, "चहूकडे एवढं खारट आणि मधे हे गोड. असं कसं राहतं हो?" एरवी मी त्यावर तासभर बोललो असतो.  त्या दिवशी मला दिसत होता फक्त उद्याचा दिवस: बुरजाखाली मोकळी वाळू, आणि माझ्याकडे वळलेलं तिचं तोंड.

शिरवेळला घरगुती सोयीची एक खोली मिळाली. सकाळी ती उठायच्या आत मी निघालो. बेत असा की कुठलातरी काळा दगड हेरायचा, जमलं तर थोडा ढकलायचा आणि तोच तो म्हणून दाखवायचा. माडांतून उतरलो. शंकरने सांगितलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. खाडी, बुरूज. तोफेला म्हैससुद्धा होती, अर्थात तिसऱ्या पिढीतली. मी खाली मान घालून दगड बघत फिरायला लागलो.

एक म्हातारी शहाळी रचत होती. ती म्हणाली, "भोपाळसून इल्यात?"

मी दचकलो. "तुम्हांला कसं कळलं?"

"भोपाळचीच माणसां सकाळी उठान दगड शोधतत. बाकीची आधी शहाळां पितत." तिने हनुवटीने पलीकडे दाखवलं. "थय बुरजाखाली आसा. पाटी बघा."

पाटी होती. निळ्यावर पांढरी अक्षरं. 'नवव्या लाटेचा दगड. कृपया चपला काढाव्यात.' आणि पाटीखाली दगड. काळा, चौरंगासारखा. दोन पायऱ्या. डावीकडे वाकडा नारळ. सकाळचं पाणी त्याच्या पायथ्याला हळूहळू चाटत होतं.

मी तिथे वाळूत बसलोच. म्हातारीने शहाळं आणून हातात दिलं आणि शेजारी बसली. म्हणाली, "पयले आमी सांगत होताव, असो दगड हय नाय म्हणान. माणसां तोंड पाडून परत जायत. इतक्या लांबसून इल्लली. शेवटाक माझ्या सासऱ्यान ह्यो दाखवल्यान. ह्येच्यार तो जाळी सुकत घाली. मगे पायरे केले." आता म्हणे कोल्हापूर-सांगलीचे लोकही येतात.

मी विचारलं, "आणि ह्याची गोष्ट काय सांगता लोकांना?"

"पयली जी बाय हय बसली ती लांबची. तिचां पोर गेल्लां. लाटेन तिचां दुःख नेल्यान." मग म्हणाली, "पण ती बाय कोण, खयची, ता कोणाक म्हायत नाय."

हे वहीत नव्हतं. हे कुणी लिहिलेलं नव्हतं. मग मला कुसुमवहिनी आठवल्या. चौऱ्याहत्तर साली त्या इथे आल्या होत्या, आणि शकुंतलेच्या उशाशी दहा दिवस बसलेली बाई ती. गोपीनाथ दगड शोधत हिंडला असेल, आणि ह्या बाईने इथल्या कुणाच्यातरी ओटीवर बसून मैत्रिणीचं सांगितलं असेल.

सुलभाने पदराने नाक पुसलं. ओढणीचा पदर, पण पदरच. श्रीकांत म्हणाला, "काका, मेरे तो रोंगटे खड़े हो गए." मी शकुंतलेकडे एकदा पाहून घेतलं. पाठ तशीच, हात चालू. परातीत दाणे पडल्याचा आवाज येत होता.

आता खरी गोष्ट, मी म्हणालो. ऐका.

जेवून, जरा पडून आम्ही निघालो. तीन वाजले असतील. तिच्या गुडघ्यांमुळे माडांतली वाट उतरायलाच अर्धा तास लागला. पाटीपाशी तिने चपला काढल्या. वहीत जिथे मी लिहिलं होतं ते पान काढून एकदा वाचलं, मग दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "तुम्ही तेव्हा इथेच उभे होतात?" मी म्हटलं, "अगदी इथेच." ती दोन पायऱ्या चढून दगडावर बसली, पाय खाली सोडले, थर्मास बाजूला ठेवला. पायांत तिच्या जोडव्यांशिवाय काही नव्हतं.

"मोजा," ती म्हणाली.

आणि मुलांनो, समुद्राने त्या दिवशी जे केलं ते ह्या डोळ्यांनी मी पाहिलंय. पहिली लाट आली ती दहा हातांवर थांबली, जशी शाळेतली मुलं रेघेवर थांबतात. दुसरी तिथेच. तिसरी, चौथी. पाचवी जरा पुढे आली तर सहावीने तिला मागे ओढली. बुरजावरचे कावळे गप्प. म्हैस रवंथ करायची थांबली. सातवी, आठवी, दोन्ही आल्या आणि वाकून परत गेल्या. मग सगळं पाणी मागे सरलं, एवढं मागे की तळातले शिंपले दिसले, आणि लांबून नववी उठली. पुरुषभर उंच. हिरवी. मी म्हटलं, शकुंतले, पाय वर घे. ती म्हणाली, राहू द्या. ती लाट धावत आली ती धावत आली, आणि दगडाशी येऊन अशी निवली, जशी मांजर पायाशी येते. तिच्या पावलांवरून एकदाच गेली. घोट्यांना पांढऱ्या फेसाचे तोडे घातले. आणि परतली. एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही, लुगड्याचा काठसुद्धा भिजला नाही. शकुंतलेने डोळे मिटले आणि म्हणाली, "नेलं हो." बस. एवढंच म्हणाली.

मी थांबलो.  गोष्ट चांगली झाली होती. मी चटईकडे सरकून परातीतला एक मटार उचलायला हात पुढे केला.

शकुंतला वळली. पांढऱ्या केसांच्या आड तिच्या कानात यंत्र होतं.

"दगडाचं खोटं होतं, ते चालेल," ती म्हणाली. "ते मला खाटेवरून उठले त्या दिवशीच कळलं होतं. तुमचा होल्डॉल मी झटकला तेव्हा त्यातून वाळूचा एक कण पडला नव्हता. पण हे नाही चालायचं. लाट आली नव्हती. तुम्ही सकाळी पाणी पाहून आलात आणि मला दुपारी नेलंत. बड्या तलावाकाठचं माणूस, पाणी जागेवर राहतं अशी तुमची समजूत. तीन वाजता ओहोटी लागून समुद्र पार तिकडे, दिसेल न दिसेल असा. माझ्याने चालवेना. मग तुम्ही थर्मासचं झाकण घेऊन गेलात, विजार वर करून. नऊ वेळा गेलात आणि नऊ वेळा माझ्या पायांवर ओतलंत, मोठ्याने मोजून. सातव्या खेपेला घसरून पडलात. नवव्या खेपेला झाकणात पाणी कमी आणि वाळू जास्त होती. सुलभा, वहीत लिहून घे, दगड आहे, पण भरतीची वेळ विचारून जावे. आणि थर्मास मोठ्या झाकणाचा न्यावा."